पेयांची विद्युतवाहकता मोजणारा ईसी पेन: काही महिन्यांच्या वापरानंतर

आठवीच्या मुलांच्या विज्ञान प्रकल्पासाठी हा पेन घेतला. 'कोणत्या पेयातून वीज जास्त वाहते?' हा त्यांचा प्रश्न. आधी मुलं मल्टिमीटरच्या दोन तारा बुडवून पाहत होती, पण त्यात आकडा स्थिर राहत नाही. डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाने तारांवर आयन (विद्युतभारित कण) साचतात आणि वाचन सरकत जातं. पेनमध्ये एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह असतो, त्यामुळे आकडा लवकर थांबतो. एवढ्यावरच माझे पैसे वसूल झाले.

घेताना एक बघा: टीडीएससोबत (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ईसी, म्हणजे वाहकताही दाखवणाराच घ्या. टीडीएस हा आकडा पेन मोजत नाही, वाहकतेला 0.5 किंवा 0.7 ने गुणून काढतो. पाण्यासाठी ते चालून जातं, सरबताला मात्र अर्थच उरत नाही. साखर विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत. नळाच्या पाण्यात भरपूर साखर घातली तर आकडा वाढायच्या ऐवजी किंचित उतरतो, कारण पाणी दाट होऊन आयनांची चाल मंदावते. मुलांचा यावर विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि आकडा हजारांत गेला! माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा गाभा इथेच आहे.

शहाळ्याचं पाणी बिनमिठाचं असूनही काही हजार मायक्रोसिमेन्स (पेनवरचं वाहकतेचं एकक) दाखवतं, ते त्यातल्या पोटॅशियममुळे. दूधही त्याच पट्ट्यात येतं. स्तनदाह झालेल्या जनावराच्या दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं, म्हणून त्याची वाहकता जास्त भरते. गोठा असलेल्या घरातल्या मुलांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं.

मर्यादाही आहेत. आमचा पेन 9990 मायक्रोसिमेन्सपर्यंतच जातो. मीठ घातलेलं ताक त्याच्या पलीकडे, ओआरएस अगदी काठावर. त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजतो, पण दुप्पट पातळ केलं म्हणून आकडा नेमका निम्मा होत नाही, हे वहीत लिहायला लावा. सोडा मोजण्याआधी गॅस जाऊ द्या, बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटले की आकडा कमी येतो. तापमानाचं समायोजन पाण्याच्या हिशेबाने, अंशाला साधारण 2 टक्के धरून केलेलं असतं. म्हणून सगळी पेयं खोलीच्या तापमानाला आणूनच मोजतो.

दुधानंतर इलेक्ट्रोड तेलकट होतो. कापसाला स्पिरिट लावून पुसायचा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा. ते बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. आणि जो ग्लास पुढे कोणी पिणार आहे त्यात पेन कधीच बुडवू नका, मोजण्यापुरतं वेगळं काढून घ्या.

1413 मायक्रोसिमेन्सचं कॅलिब्रेशन द्रावण (पेनचा आकडा जुळवून घेण्यासाठीचं) पेनसोबतच मागवा. ते नसेल तर दोन गटांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.