शाळेची वेबसाइट: गुगल साइट्स की वर्डप्रेस?

जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाची सुट्टी जाहीर केली, तर पहाटे शाळेच्या वेबसाइटवर सूचना कोण लावणार? आणि त्याच लॉगिनने फीचं पानही बदलता येईल का? ठाणे, ऐरोली, वाशीतल्या ज्या शाळा नवी वेबसाइट करायला निघाल्या आहेत, त्यांनी डिझाइन बघण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं शोधावीत.

गुगल साइट्स आणि वर्डप्रेस ही दोन्ही वेबसाइट बनवायची साधनं. त्यातलं गुगल साइट्स शिकायला सोपं. जीमेल सराईतपणे वापरणाऱ्या बाईंना सहज जमेल. होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे, पैसे नाहीत, अपडेटची कटकट नाही. अधिकारांची वाटणी मात्र फारच ढोबळ. एखाद्याला एडिटर, म्हणजे बदल करू शकणारा, केलं की सगळी पानं त्याला खुली. 'तुम्ही फक्त क्रीडा विभागाचं पान सांभाळा' असं बंधन घालता येत नाही. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये एडिटरांचा पब्लिश करण्याचा अधिकार काढून घेता येतो, ही चांगली सोय. पण पब्लिश दाबलं की साइटवरचे सगळेच प्रलंबित बदल एकदम बाहेर पडतात. सुट्टीच्या सूचनेबरोबर कुणीतरी अर्धवट सोडलेलं प्रवेशाचं पानही पालकांना दिसू शकतं, म्हणून आधी बदल तपासायलाच हवेत.

वर्डप्रेसमध्ये होस्टिंगचा खर्च येतो आणि अपडेटकडे कुणीतरी नियमित लक्ष द्यावं लागतं. तरी माझा कौल त्याच्याकडे झुकतो, कारण तिथे पोस्ट (तारखेनुसार येणाऱ्या सूचना, बातम्या) आणि पान (कायम राहणारी माहिती) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वापरकर्त्याला एक भूमिका देता येते. त्यातला ऑथर स्वतःच्या पोस्ट लिहितो, प्रसिद्ध करतो, पण पानांना हात लावू शकत नाही. म्हणजे कार्यालयातल्या लिपिकांना ऑथर करा, सूचना पोस्ट म्हणून लावू द्या. फी, प्रवेश आणि सीबीएसई शाळांना सक्तीचं असलेलं माहिती प्रकटीकरण ही पानं सुरक्षित राहतात. ती बदलण्याचा अधिकार एडिटर आणि अॅडमिनिस्ट्रेटरपुरताच. मुख्याध्यापकांनी नेमलेली एक-दोन माणसं तिथे पुरेत.

वर्गशिक्षकांसाठी कॉन्ट्रिब्यूटर ही भूमिका ठेवा. ते लिहितात, पण प्रसिद्ध करू शकत नाहीत आणि फोटोही चढवू शकत नाहीत. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत यावरून कुरकुर होईल, पण मला हे बंधन हवंच वाटतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. मुलांचा फोटो वेबसाइटवर जाण्याआधी एडिटरने संमतीपत्र बघितलेलं बरं.

दोन-तीनच माणसं साइट हाताळणार असतील, पानं मोजकी असतील आणि तांत्रिक बाजू बघणारं कुणी नसेल, तर गुगल साइट्सच घ्या. सूचना लावणारे हात वाढणार असतील तर वर्डप्रेस.

काहीही निवडलंत तरी मुख्य खातं कुणा सरांच्या खाजगी जीमेलवर उघडू नका, शाळेच्या नावाच्या ईमेलवर उघडा. आणि कुणी शाळा सोडली की त्याच दिवशी त्यांचे अधिकार काढा. वर्डप्रेसमध्ये वापरकर्ता काढताना त्यांच्या पोस्ट पुसायच्या की दुसऱ्याच्या नावे करायच्या, असं विचारलं जातं. तिथे दुसरा पर्याय निवडा, नाहीतर त्यांनी लावलेल्या सगळ्या जुन्या सूचना साइटवरून जातील.