लॅमिनेट की टाइल? आधी सांगा, तुमच्याकडे लादी कोण पुसतं

आमच्या बेडरूममध्ये बाल्कनीच्या सरकत्या दाराला लागून दोन पट्ट्या आहेत, त्यांच्या कडा अनवाणी पायाला जाणवतात. बाकी खोलीभर लॅमिनेट अगदी सपाट आहे. गेल्या जुलैत आम्ही दोन दिवस नाशिकला गेलो, दार बोटभर उघडं राहिलं आणि येऊरच्या डोंगराकडून आलेली झड आत शिरून तिथेच साचली. परत आल्यावर पुसलं, पंखा लावला, पट्ट्या वाळल्या. फुगलेल्या कडा मात्र खाली बसल्या नाहीत.

तरीही त्या खोलीत मी पुन्हा लॅमिनेटच बसवेन. आणि नेरूळला मामांच्या घरी ते बसवू नका म्हणून हट्ट धरला तोही मीच. आमचं घर ठाण्यात मानपाड्याला, चौदाव्या मजल्यावर. मामांचं सिडकोचं रो-हाउस, तळमजला. दोन्हीकडे फरशीचं काम वर्षभराच्या अंतराने निघालं. लॅमिनेट, एसपीसी आणि व्हिट्रिफाइड टाइल या तिघांत घोळत असाल, तर आमचा अनुभव कदाचित तुमच्या कामी येईल.

आधी तिघांची ओळख. लॅमिनेट दिसतं लाकूड, पण वर दिसतो तो लाकडाच्या रेषांचा छापील कागद. मधला गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये मिसळून प्रचंड दाबाखाली केलेली घट्ट पाटी. कागदाच्या वर मेलामाइनचा पारदर्शक थर, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण, म्हणून ओरखडे सहज पडत नाहीत. पट्ट्या एकमेकींत खटकन बसतात आणि खालच्या फरशीला चिकटवल्या जात नाहीत; सगळा पसारा पातळ फोमवर नुसता पडून असतो. एसपीसीचं बसवणं असंच, पण गाभ्यात लाकूड नाही, चुनखडीची पूड आणि पीव्हीसी. जाडी साधारण ४ ते ६ मिलिमीटर. व्हिट्रिफाइड टाइल आपल्या ओळखीची, बहुतेक मोरबीहून आलेली. ती स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कादेखील पाणी पीत नाही. चौथं इंजिनिअर्ड वूड, वर खऱ्या लाकडाचा पातळ काप असलेलं. सुंदर असतं, पण दर ऐकून आम्ही ते दुकानातच सोडलं, त्यामुळे त्यावर मी बोलणार नाही.

पाणी

बाकी सगळे मुद्दे याच्या मागून येतात. लॅमिनेट १९७७ मध्ये स्वीडनमध्ये निघालं. तिकडे फरशी व्हॅक्यूमने झाडतात, फार तर दमट कापडाने पुसतात. आपल्याकडे रोज सकाळी बादली येते. पावसाळ्यात ठाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने हवाच ओली असते, ते वेगळं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी तीनदा सांगितलं, फडकं घट्ट पिळून घ्या, पाणी सांडू देऊ नका. चौथ्यांदा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, लादी ओली दिसली नाही तर पुसल्यासारखं वाटतच नाही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आयुष्यभर ज्या लादीवर त्यांचा हात बसलाय, तिला पाणी लागतंच. आता बेडरूममध्ये त्या फक्त केर काढतात आणि पुसण्याचं काम मी सपाट मॉपने करते, एक दिवसाआड. हे तुमच्या घरी रोजच्या रोज पाळलं जाणार नसेल, तर लॅमिनेटचा विषय इथेच मिटवलेला बरा.

पाणी पट्टीच्या वरून आत जात नाही. जोडातून जातं, नाहीतर स्कर्टिंगखालच्या (भिंतीच्या तळाशी मारतात त्या पट्टीखालच्या) कडेने. गाभ्याने पाणी प्यायलं की तो फुगतो, आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. हल्ली पाणीरोधक लॅमिनेट म्हणून जे विकतात, त्यात जोडाच्या कडांना मेणासारखा लेप असतो. सांडलेला पाण्याचा पेला त्याने थोपतो, तेवढी सवड पुसायला पुरते. खालून येणाऱ्या ओलीपुढे मात्र त्या लेपाचा उपयोग नाही. दुकानातून कापलेला तुकडा मागून घ्या, कडेची जाडी मोजा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. आम्ही तीन दुकानांतून तीन तुकडे आणून स्टीलच्या डब्यात बुडवले होते. त्यातला सर्वांत स्वस्त तुकडा सकाळी कडेला बिस्किटासारखा फुलला होता, आणि तो नेमका तोच निघाला ज्याला दुकानदार "एकदम इम्पोर्टेड" म्हणत होता.

एसपीसी या परीक्षेत सहज पास होतं, म्हणून आम्ही जवळजवळ तेच घेणार होतो. मग आईने विचारलं, देवासमोर समई असते तिथे काय? पीव्हीसीवर जळती वात किंवा उदबत्ती पडली की डाग कायमचा. गरम कुकर चुकून खाली ठेवला तरी तेच. लॅमिनेटचा मेलामाइनचा थर अशा किरकोळ चटक्याला सहसा दाद देत नाही. टाइलला तर त्याचं काहीच वाटत नाही. शिवाय घोडबंदरच्या उंच इमारतींत पश्चिमेच्या मोठ्या काचेतून एप्रिल-मेचं ऊन तासन् तास फरशीवर पडतं. पडदा नसेल तर एसपीसी अशा उन्हात पसरतं आणि कडेला जागा कमी सोडलेली असली तर वर उचलतं. आमच्या दोन्ही खोल्या पश्चिमेच्या.

आठ की बारा, आणि तो "एसी-फोर"

दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, "मॅडम, एसी-फोर आहे." आई लगेच म्हणाली, एसी आहे आमच्याकडे. एसी-फोर म्हणजे वरचा थर घासून तपासल्याची श्रेणी. आकडा जितका मोठा तितकी झीज कमी. घराच्या खोल्यांना एसी-थ्री पुरतं, रहदारीच्या हॉलला फोर घ्यावं. पाण्याबद्दल ही श्रेणी तुम्हाला काहीच सांगत नाही, आणि नेमकं पाण्याबद्दल विचारलं की उत्तरात पुन्हा "एसी-फोर" येतं. ई-वन असं खोक्यावर छापलेलं मात्र पाहून घ्या. गाभ्यातून येणाऱ्या फॉर्माल्डिहाइडची मर्यादा त्यावरून कळते.

जाडीचंही तसंच. १२ मिलिमीटरची पट्टी पायाखाली भरीव लागते, चालताना पोकळ आवाज कमी येतो. पाण्यात मात्र तीही ८ मिलिमीटरच्या पट्टीसारखीच फुगते. वर दाराचा प्रश्न. ८ अधिक फोमचे २ म्हणजे एक सेंटिमीटर; आमची दारं तेवढी तासून भागलं. १२ घेतलं असतं तर वॉर्डरोबचे पल्लेही अडकले असते. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायची तर चिकटवणीसकट दीड सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि बाथरूमचा उंबरा खोलीच्या बरोबरीला येतो. हा शेवटचा मुद्दा कोणी बोलून दाखवत नाही, पण बाथरूम तुंबलं की पाणी कुठे जाणार, ते यावर ठरतं.

खर्च

आमच्या दोन बेडरूम मिळून २३० चौरस फूट. तुटफूट धरून २४६ फुटांचा माल लागेल असं सगळ्यांनी सांगितलं. कोटेशनं गेल्या वर्षीची आहेत, तेव्हा आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक बघा. ८ मिलिमीटरचं लॅमिनेट फोम आणि मजुरीसकट ११० रुपये फूट, म्हणजे २७ हजार. ७४ फूट स्कर्टिंग ६० रुपयांनी, साडेचार हजार. दारांतल्या प्रोफाइल पट्ट्या (दोन फरशांचा जोड झाकणाऱ्या) धरून ३३ हजारांच्या आत. एसपीसी ४० हजारांपर्यंत. टाइल स्वतः सगळ्यांत स्वस्त, ६५ रुपये फूट, पण जुनी फरशी तोडणं, राबिटच्या, म्हणजे तोडलेल्या तुकड्यांच्या, गोण्या खाली नेणं, माल आणि मिस्त्री धरून हिशोब ४५ हजारांच्या वर गेला. स्कर्टिंग आणि प्रोफाइल "फ्री" आहेत का, हे आधी लिहून घ्या. आमच्या कोटेशनमध्ये ती ओळच नव्हती.

पैशांपेक्षा मोठा फरक दिवसांचा. लॅमिनेट दीड दिवसात झालं आणि रात्री आम्ही त्याच खोलीत झोपलो. टाइल तोडून बसवायची तर सोसायटीत अर्ज, डिपॉझिट, कामाच्या ठरावीक वेळा, खालच्या मजल्यावरच्यांच्या घरी जाऊन हात जोडणं, आणि आठ-दहा दिवस सगळं घर हॉलमध्ये. वजनही लक्षात घ्या. ८ मिलिमीटरचं लॅमिनेट चौरस मीटरला सात किलोच्या आसपास भरतं. टाइलवर टाइल म्हणजे त्याच्या तिप्पट, वर चिकटवणी.

बसवताना

आमच्या फिटरला खोके आणले त्याच दुपारी काम उरकायचं होतं. मी दोन दिवस थांबवलं. खोके ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवायचे असतात, म्हणजे पट्ट्या तिथल्या हवेला सरावतात. मे महिन्यात घट्ट बसवलेलं लॅमिनेट जुलैत हवेतली ओल पिऊन पसरतं. भिंतीपाशी ८ ते १० मिलिमीटरची जागा सोडलेली नसेल तर मधेच उंटासारखं उठतं. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून ती सोडली की नाही हे नंतर कळत नाही. स्कर्टिंग मारायच्या आधी स्वतः बघा.

खालची टाइल आधी ठोकून पाहा, पोकळ वाजली तर ती पक्की करून घ्या. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरून तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर तिथे समतल करून घ्यावं लागतं, नाहीतर चालताना पट्ट्यांचे लॉक, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या कडा, हलतात आणि काही महिन्यांत कचकच सुरू होते. पातळ एसपीसीचे लॉक तर अशा खड्ड्यावर तुटतातच. आणि भिंतीतला वॉर्डरोब लॅमिनेटच्या वर उभा करू नका. एका जागी दाबून धरलं की बाकीचं पसरायला मोकळं राहत नाही. आधी वॉर्डरोब, मग त्याच्या कडेपर्यंत पट्ट्या.

नेरूळ

मामांना लॅमिनेट हवं होतं, कारण आमचं बघून गेले होते. पण तळमजला, भिंतींना पावसाळ्यात फूटभर उंचीपर्यंत ओल आणि मागच्या वर्षी देवघराच्या चौकटीला वाळवी. लॅमिनेटचा गाभा शेवटी लाकडाचाच; वाळवीला ते पक्वान्न. मी त्यांना दोन फुटांचं प्लास्टिक फरशीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन रात्री ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामींनी फोटो पाठवला, खालून दवासारखे थेंब. एसपीसी फुगलं नसतं, पण ती ओल त्याच्याखाली अडकून कुबट वास आला असता.

बेडरूममध्ये त्यांनी २०० बाय १२०० मिलिमीटरची लाकडासारखी दिसणारी टाइल घेतली, चकचकीत नव्हे, मॅट. मामींचे गुडघे आणि ओली लादी यांचं जमत नाही. पायाला ती लॅमिनेटइतकी उबदार लागत नाही, डिसेंबरात मामी सपाता घालून वावरतात. आणि काचेचा पेला पडला की गेलाच. आमच्याकडे दोनदा वाचला. हॉलमध्ये मात्र सिडकोच्या काळातली मोझॅक होती. मिस्त्री तोडायला निघाला होता, त्याआधी एका कोपऱ्यात मशीनने घासून बघू म्हटलं. त्या कोपऱ्यात पांढऱ्या-तांबड्या चिपा अशा वर आल्या की मामांनी पूर्ण हॉल तसाच पॉलिश करून घेतला. खर्च तिन्ही पर्यायांपेक्षा कितीतरी कमी. घरात मोझॅक असेल तर दुकानात जाण्याआधी हे करून बघा. दुकानात तुम्हाला हे कोणी सांगणार नाही.

आमच्या हॉलला आणि स्वयंपाकघराला आम्ही हात लावला नाही. गणपतीत ओल्या छत्र्या घेऊन येणारी माणसं, सिंकखाली ठिबकणारा पाइप आणि मावशींची बादली, या सगळ्याला तिथली जुनी टाइल पुरून उरते.

माल घेतानाच लॅमिनेटचा एक खोका जास्तीचा घेऊन ठेवला होता, कारण तोच शेड पुढच्या वर्षी मिळेलच असं नसतं. तो पलंगाखाली आहे. दाराजवळच्या त्या दोन पट्ट्या बदलायच्या तर भिंतीकडून त्यांच्यापर्यंतच्या ओळी उकलून पुन्हा बसवाव्या लागतील. फिटर म्हणतो अर्ध्या दिवसाचं काम. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की बोलावणार आहे. सरकत्या दाराला खाली रबरी पट्टी तेवढी लगेच लावून घेतली.