चार फुटी टाकी, सोलापूरचं पाणी: एकटा ऑस्कर की कॉन्व्हिक्टची जोडी?

एकाच मापाच्या दोन टाक्या. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर 255 लिटर बसतं. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून 220 लिटर धरा. एकीत एकटा ऑस्कर, दुसरीत कॉन्व्हिक्टची जोडी, दोन्ही सिक्लिड कुळातले पाळायचे मासे. उन्हाळा, पावसाळा, थंडी असं सगळं काढून झाल्यावर लिहितोय. दुकानात हमखास सांगतात, ‘नवीन आहात ना, मग एकच मोठा मासा घ्या, सोपा पडतो.’ नळाला रोज पाणी येतं तिथे हे चालून जाईल. सोलापुरात नाही.

टाकीतली घाण माशांच्या संख्येवर नाही, खाण्यावर ठरते. ऑस्कर वाढून 12 इंचांपर्यंत जातो. कॉन्व्हिक्टचा नर 4-5 इंच, मादी 3 इंचांच्या आसपास. शिवाय ऑस्कर पेलेट (खाण्याच्या सुक्या गोळ्या) चावतो तेव्हा कल्ल्यांतून भुगा उडतो, तो वाळूत बसून सडतो. त्यामुळे त्याच्या टाकीचं आठवड्याला 70 ते 90 लिटर पाणी बदलावंच लागतं. जोडीचं 45-50 लिटरमध्ये भागतं. पाणी येईल त्या दिवशी 200 लिटरचा ड्रम फक्त टाकीसाठी भरून ठेवता येत असेल तरच ऑस्करचा विचार करा. घरच्या वापरातून ओढाताण करून पाणी काढायचं म्हटलं की बदलायचं राहतं. मग माशाच्या डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागतात, आणि ते एकदा खोल गेले की खूण राहते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. 100 लिटरला 1 ग्रॅम हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) मगभर पाण्यात विरघळवून ड्रममध्ये टाका, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ढवळू द्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी पीएच तपासा. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. पीएच 7 असताना 25 अंशांना एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्धा टक्का, फार तर किंचित जास्त. पीएच 8 झाला की तोच 5 टक्क्यांवर जातो आणि पाणी 30 अंशांवर गेलं की 7 टक्क्यांच्याही पुढे. म्हणून जानेवारीत खपून गेलेलं जास्तीचं खाणं मे महिन्यात मासा मारतं. जड, म्हणजे क्षारांचं, पाणी मुळात वाईट नाही. कॉन्व्हिक्ट, फायरमाउथ, जॅक डेम्प्सी हे मध्य अमेरिकेतले मासे त्यात खूश असतात.

उन्हाळ्यात टाकी पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळ नको. झाकण काढून वर जाळी बसवा (ऑस्कर उडी मारतो) आणि पृष्ठभागावर टेबलफॅन सोडा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. फॅनमुळे उडालेलं पाणी भरून काढताना बोअरचं टाकत राहिलात तर क्षार साचत जातात, तिथे आरओचं टाका. दुपारी खायला घालू नका. वीज गेली की कॅनिस्टरमधलं (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमधलं) पाणी तुंबतं, आतले घाण पचवणारे जिवाणू काही तासांत मरायला लागतात. म्हणून बॅटरीवरच्या एअर पंपाला जोडलेला एक स्पंज फिल्टर दोन्ही टाक्यांत हवाच.

आता जोडीची दुसरी बाजू. जोडी घेतली की नर-मादी वेगळे करायला एक रिकामी टाकी किंवा आडपडद्याची सोय लागतेच, हा खर्च दुकानदार सांगत नाही. ‘प्रूव्हन पेअर’, म्हणजे खात्रीची जमलेली जोडी, म्हणून जे पिशवीत मिळतं ते बऱ्याचदा नुसते एक नर आणि एक मादी असतात. खात्रीचा मार्ग म्हणजे दीड इंची सहा पिल्लं एकत्र वाढवायची, जोडी जमली की बाकीची काढायची. कॉन्व्हिक्टची मादी ओळखायला सोपी, पोटावर नारिंगी खवले असतात. ऑस्करमध्ये बाहेरून काही कळत नाही, म्हणून त्याची जोडी लावायच्या फंदात चार फुटी टाकीत पडूच नका.

आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरते. अंडी घालायच्या आधी दोघं कुंडीची आतली बाजू तोंडाने घासत राहतात, मादीची अंडी घालायची बारीक नळी पोटाखाली दिसायला लागते. अंडी कुंडीच्या छताला चिकटतात. पांढरी पडलेली वाया गेलेली. ती मादी स्वतःच वेचून खाते, तुम्ही हात घालू नका. 27 अंशांना तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात आणि पुढे चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. खायला आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जिवाची) ताजी पिल्लं मिळाली तर उत्तम, नाहीतर पेलेटची पूड.

नर मादीवर उलटतो तो बहुतेक दोन वेळी: ती तयार नसताना, आणि टाकीत हुसकावायला दुसरं कोणीच नसताना. मादीच्या शेपटीची किनार फाटलेली दिसली किंवा ती वरच्या कोपऱ्यात तिरकी उभी राहिली की त्याच दिवशी एगक्रेटची (चौकोनी भोकांची प्लास्टिकची) जाळी मध्ये घाला. तिच्यापुरतं भोक ठेवलं तर ती ये-जा करते, नराला जाता येत नाही.

खरी डोकेदुखी पिल्लांची. एका वेळी शंभरच्या वर, आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा अंडी. दुकानदार एकदा घेतो, दुसऱ्यांदा तोंड फिरवतो. नको असतील तर कुंडीच काढून टाका, निदान अंडी दुसऱ्याच दिवशी काढा. कंबर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडून येणं हा उपाय नाही. उजनी धरणातली चिलापी (टिलापिया) याच सिक्लिड कुळातली, बाहेरून आलेली. तिने तिथे कसं बस्तान बसवलंय ते मासळी बाजारात दिसतंच.

ऑस्कर घेणारच असाल तर हीटरला जाळीचं कव्हर घाला, तो धडका देऊन काच फोडतो. तळाला इंचभर बारीक वाळू, टोकदार दगड नकोत. चिकन, मटण आणि जिवंत गोल्डफिश बंद. पेलेट आणि आठवड्यात एक उपास. पाणी बदलल्यावर तो तळाशी आडवा पडून रुसतो, त्याला औषध घालत बसू नका.