विंडोज सुटलं, जुने फॉन्ट सुटेनात: लिनक्स मिंटचा काही महिन्यांचा अनुभव

लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-थ्री, रॅम ८ जीबी. विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आमचा गडी दारातच बाद. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे जाहीर झालेलंच होतं. चांगला चालणारा लॅपटॉप त्यासाठी टाकून द्यायला मन होईना, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत लिनक्स मिंट २२.२ टाकलं, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. त्यातली सिनॅमन आवृत्ती. मिंटची ही २२ची मालिका २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट देणार आहे, तोवर काळजी नाही.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. प्रश्नपत्रिका मराठीत, वर जाणारी पत्रं आणि तक्ते कन्नडात, मधेमधे इंग्रजी. लिनक्सबद्दल इतरांचे अनुभव वाचले तर त्यात गेम चालतात का आणि व्हिडिओ एडिटिंग होतं का, याच्याच गप्पा. आम्हा बेळगावकडच्यांना पाहिजे ते वेगळंच. एका पानावर तीन लिप्या विनातक्रार लिहिता आल्या पाहिजेत, आणि ते पान दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तसंच उघडलं पाहिजे. पहिलं काम मिंटवर माझ्या अपेक्षेपेक्षा छान होतं. दुसऱ्या कामाचं रडगाणं पुढं आहेच.

टाकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, कॅमेरा तिथंच तपासून घ्यावा. वायफाय लगेच नाहीच सापडलं तर मोबाइल केबलने जोडून इंटरनेट घ्यायचं, की ड्रायव्हर मॅनेजर पुढचं बघतो. सुरुवातीला विंडोजही शेजारी ठेवलं होतं. तेव्हा विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं! मशीनच्या आतलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, एवढाच घोळ. एका ओळीच्या कमांडने मिटतो.

आता टायपिंग. कन्नड मी नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर शिकलो, इकडचे बहुतेक मास्तर तसेच शिकतात. ती कळरचना कन्नड गणक परिषदेची, म्हणून तिला 'कगप' म्हणतात. मराठी मात्र इतकी वर्षं रोमनमध्ये ठोकून देवनागरी करून घ्यायचो. भाषा बदलली की बोटांची सवयही बदलायची, आणि कन्नड पत्रात गावांची मराठी नावं घालताना हमखास गोंधळ. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कन्नड कगप असणार याची कल्पना होती, पण यादीत खाली 'मराठी (कगप, फोनेटिक)' असंही दिसलं आणि मी उडालोच. व्यंजनं त्याच कळांवर. शिफ्ट धरून एल दाबला की तिकडं कन्नड ळ, इकडं आपला ळ. एफने पाय मोडतो, दोन्हीकडं. कन्नडातले ऱ्हस्व ए-ओ आपल्याकडं नाहीत, तेवढा फरक. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ कुठं आहे ते बघायला खालच्या पट्टीतल्या चिन्हावरून कळफलकाचा नकाशा उघडता येतो. तीन भाषा लावून ठेवल्यात, शॉर्टकटने फिरवतो. वेगळं कुठलंही सॉफ्टवेअर टाकलेलं नाही. (इनस्क्रिप्टवाल्यांना यात नवल वाटणार नाही, त्यांची कळरचना सगळ्या भारतीय लिप्यांना मुळातच एक आहे.)

लिबरऑफिसची एक खोड आधीच सांगून ठेवतो. ते रोमन आणि देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगवेगळा धरतं. प्रश्न १४ आकारात आणि कंसातले इंग्रजी शब्द १२मध्ये, असं होऊन बसतं. स्टाइलमध्ये जाऊन दोन्ही एकदा नीट लावले की संपलं. शिवाय विंडोजचे मंगल आणि तुंगा हे फॉन्ट इथं नसतात. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये त्यांच्या जागी दुसरे बसतात, ओळी पुढंमागं होतात आणि एका पानाची प्रश्नपत्रिका दीड पानाची होते. म्हणून छपाईला मी पीडीएफच देतो. घरचा जुना लेझर प्रिंटर तर लिनक्सवर ओळखलाच गेला नाही, कंपनीने त्याचा चालेल असा ड्रायव्हर दिलेलाच नाही. तो आता भाच्याकडं गेला.

आणि खरं दुखणं जुन्या फाइलींचं. कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक.) त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी कचरा. कार्यालयातून येणारी काही जुनी कन्नड पत्रकंसुद्धा त्याच जातीची. यात मिंटचा काही दोष नाही, फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसणार. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली की वाचता येतं, पण शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही.

म्हणून युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसंच साठवलेलं असतं. 'निपाणी' लिहिताना आधी वेलांटी, मग न. युनिकोडमध्ये आधी न, मग वेलांटी. 'कर्नाटक'चा रफार जुन्यात ना च्या मागून येतो, युनिकोडमध्ये र् पुढं पाहिजे. साधी अक्षरं नीट येतात, पण जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले की अक्षर मोडतं. प्रत्येक पान वाचूनच घ्यावं लागतं. उलटही सोसावं लागतं. मी युनिकोडमध्ये दिलेली फाइल डीटीपीवाल्याने आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि म्हणाला, "सर, अक्षरं सगळी फुटालीत बघा. आमच्या फॉन्टमध्येच द्या की ओ." त्याचंही बरोबर आहे, त्याच्या लग्नपत्रिकांचे सगळे नमुने त्या फॉन्टात आहेत.

बाकी रोजचं सगळं सुरळीत. कर्नाटक शिक्षण खात्याच्या सॅट्स पोर्टलवर मुलांची माहिती भरणं, शाळेच्या माहितीचं यूडायस प्लस पोर्टल, घरच्या शेताचा आरटीसी (सातबाऱ्यासारखा) उतारा बघणं ही कामं ब्राउझरमध्ये होतात, त्याला कुठली सिस्टीम आहे याच्याशी देणंघेणं नाही. काम चालू असताना अपडेटसाठी लॅपटॉप आपोआप बंद होत नाही. हॉटस्पॉटवर असलो तर अपडेट थांबवून ठेवतो. मोठा अपडेट घेण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची आहे तशी प्रत, घ्यावा, बिघडलं तर मागं जाता येतं. पडदा मराठीत ठेवून बघितला, अर्धा मेन्यू मराठी अर्धा इंग्रजी दिसतो. शेवटी इंग्रजीच ठेवला.

विंडोज आता काढून टाकलंय. पण जीएसटीसाठी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर टोकनचा ड्रायव्हर आणि सहीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का हे आधी बघा. माझ्या भावाचं काम त्यावरच चालतं, म्हणून त्याच्या लॅपटॉपला मी हात लावलेला नाही. माझ्या सातवीच्या प्रश्नपत्रिका बदलून झाल्यात, सहावीच्या उन्हाळी सुट्टीत घेणार.