उमेदवाराची कुंडली दाखवणारं सरकारी पोर्टल: कामाचं, पण तोंडाचा हिशेब ठेवत नाही

निवडणूक लागली की कोल्हापुरात एक क्लिप हमखास फिरते. कुणीतरी सभेत बायकांविषयी काहीतरी बरळलेला असतो. तीसेक सेकंदांचा तुकडा तालमीच्या ग्रुपवर पडतो आणि तासाभरात अर्धी गल्ली म्हणते, याला मत नाही. उरलेली अर्धी म्हणते, मागचं-पुढचं कापलंय. मतदाराला हे स्वतः तपासता यावं म्हणून निवडणूक आयोगाच्या तीन फुकट सोयी आहेत: उमेदवारानं आपली संपत्ती आणि गुन्हे शपथेवर सांगितलेल्या प्रतिज्ञापत्रांचं पोर्टल, उमेदवाराची माहिती देणारं केवायसी अ‍ॅप आणि तक्रारीसाठी सी-व्हिजिल. पुढाऱ्यावर बाईचा अपमान केल्याचा आरोप झाला तर त्या किती कामाला येतात, एवढंच इथं पाहिलंय.

आधी पोर्टल. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडायचा. शहरवाल्यांनी २७६ कोल्हापूर उत्तर आणि २७४ कोल्हापूर दक्षिण यांत गल्लत करू नये, अर्धं शहर इथंच चुकतं. यादीत अर्ज बाद झालेले आणि माघार घेतलेलेही दिसतात, म्हणून लढतीत असलेल्यांचा फिल्टर लावायचा. एकाच उमेदवाराची दोन-तीन प्रतिज्ञापत्रं दिसली तर दचकू नका. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात. शेवटच्या तारखेचं उघडा.

उघडतो तो नमुना २६, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा ठरलेला कागद. संपत्तीचे आकडे नंतर चघळा, आधी मुद्दा ५ आणि ६ गाठा. पाचव्यात प्रलंबित गुन्हे असतात: एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय, कलमं आणि दोषारोप निश्चित झालेत की नाही. सहाव्यात शिक्षा. दोषारोपाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसती फिर्याद नोंदवणं वेगळं आणि कागदपत्रं पाहून न्यायालयानं खटला चालवण्याजोगं प्रकरण आहे म्हणणं वेगळं.

कलमांचा घोळ मात्र डोकं फिरवतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळं जुने गुन्हे दंड संहितेच्या आकड्यांत आणि नवे न्याय संहितेच्या आकड्यांत. विनयभंग जुना ३५४, नवा ७४. लैंगिक छळ ३५४ए, आता ७५. शब्द किंवा हावभावानं स्त्रीच्या लज्जेचा अपमान जुना ५०९, नवा ७९. पाठलाग ३५४डी, आता ७८. पत्नीचा छळ ४९८ए, आता ८५. हे पाच जोड कागदावर लिहून शेजारी ठेवा. पोर्टल कलमाचा अर्थ सांगत नाही आणि बहुतेक पीडीएफ स्कॅन केलेल्या असल्यानं शब्द शोधताही येत नाही. केवायसी अ‍ॅपच्या यादीत तर 'गुन्हेगारी पार्श्वभूमी: आहे / नाही' एवढंच दिसतं. आंदोलनात रस्ता अडवलेला आणि विनयभंगाचा आरोपी, दोघंही तिथं 'आहे'. उमेदवारांच्या माहितीवर काम करणाऱ्या एडीआर या संस्थेचं मायनेता संकेतस्थळ प्रतिज्ञापत्रातलाच मजकूर तक्त्यात मांडतं, ते शेजारी उघडून ठेवलेलं बरं. त्याच संस्थेच्या ऑगस्ट २०२४ च्या अहवालात देशातल्या १५१ विद्यमान खासदार-आमदारांनी स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले स्वतःच जाहीर केल्याची नोंद आहे. त्यांत खासदार १६ आणि आमदार १३५.

पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधून पडताळा घेऊ, असं वाटेल. तिथं नाही मिळालं म्हणून 'खोटं आहे' ठरवू नका. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर मुळात जाहीर करतच नाहीत.

आता खरी उणीव. प्रतिज्ञापत्र म्हणजे अर्ज भरल्या दिवशीचा फोटो, आणि तोही फक्त उमेदवाराचा. नोव्हेंबर २०२४ चं आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. लाडकी बहीणचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभांना जाणाऱ्या बायकांचे फोटो काढा, अशा अर्थाचं वक्तव्य भाजपचे खासदार धनंजय महाडिक यांनी प्रचारसभेत केलं. नोटीस निघाली, गुन्हा नोंदवला गेला, त्यांनी माफीही मागितली. पण अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरलाच संपलेली आणि बोलणारे राज्यसभेचे सदस्य, म्हणजे विधानसभेचे उमेदवारच नाहीत. त्यामुळं हा प्रकार त्या निवडणुकीच्या एकाही प्रतिज्ञापत्रात सापडणार नाही. निकालात जिल्ह्यातल्या १० पैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. यावरून 'बायकांनी मनावर घेतलं नाही' असा निष्कर्ष काढणारे बिंदू चौकात ढिगानं भेटतील, पण मतामागचं कारण मतपेटीत पडत नसतं. योजनेचे महिना १५०० रुपये, उमेदवार, जात आणि गट असं सगळं एकाच बटणात दाबलं जातं. दिसतं एवढंच, की आरोप एकटा पडला तर माणसं तो आपापल्या पक्षाच्या चष्म्यातून वाचतात: आपल्याची जीभ घसरते, दुसऱ्याचे संस्कार निघतात. ज्याचा कल आधीच डळमळीत आहे, त्याच्यावर परिणाम व्हायची शक्यता जास्त. आणि त्यालाच पडताळायला नेमकं काही मिळत नाही.

सी-व्हिजिलकडून इथं अपेक्षा होती. अ‍ॅपमधूनच फोटो किंवा जास्तीत जास्त दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, ठिकाण आपोआप नोंदतं आणि १०० मिनिटांत निकाल लावायचं वेळापत्रक आहे. भरारी पथकाला पोचायला त्यात १५ मिनिटं. पैसेवाटप, बेकायदा फलक यांना फक्कड. भाषणाला मात्र कुचकामी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप ते घेतच नाही. गांधी मैदानात तुम्ही स्वतः हजर हवेत आणि वक्ता घसरायच्या आधी तुमचं रेकॉर्डिंग सुरू हवं! नाव लपवून तक्रार केलीत तर पुढं काय झालं हेही कळत नाही. क्लिप असेल तर तारीख, ठिकाण आणि अख्खं भाषण जोडून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आयोग करतो कारवाई, पण त्याची उंची बघा: हेमामालिनींवरच्या टिप्पणीसाठी रणदीप सुरजेवाला यांना २०२४ मध्ये ४८ तास प्रचारबंदी झाली, जयाप्रदांवरच्या वक्तव्यासाठी आझम खान यांना २०१९ मध्ये ७२ तास. दोन-तीन दिवसांनी पुन्हा माईक हातात.

गुण द्यायचे तर पोर्टलला पाचपैकी साडेतीन, केवायसीला दोन. सी-व्हिजिलला या कामापुरता एक.

महापालिकेच्या वेळी यातलं काहीच उघडून बसू नका. नगरसेवकांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांची प्रतिज्ञापत्रं या पोर्टलवर येत नाहीत. आणि निम्म्या जागा बायकांच्या असल्यामुळं हलकट शेरे तिथंच जास्त ऐकू येतात.