मूत्राशयात सोडायचे औषध: बीसीजी की मायटोमायसिन?

गडहिंग्लजहून मूत्राशयाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी कोल्हापुरात येणाऱ्या एका काकांपुढे हा प्रश्न आहे. दोन्ही औषधे नळीने थेट मूत्राशयात सोडतात आणि साधारण 2 तासांपर्यंत आत धरून ठेवावी लागतात. म्हणून औषध घेऊन लगेच एसटीत बसू नये. बीसीजी म्हणजे क्षीण केलेले जिवंत जंतू. 6 आठवड्यांच्या फेरीनंतरही ते 1 ते 3 वर्षे टप्प्याटप्प्याने घ्यावे लागते, ताप येऊ शकतो, आणि पहिले 6 तास बसूनच लघवी करून शौचकूपात ब्लीच ओतावे लागते. मायटोमायसिन ही केमोथेरपी असली तरी रक्तात फारशी मिसळत नाही, त्यामुळे केस सहसा गळत नाहीत; तळहातांवर पुरळ मात्र येऊ शकते. मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत न पोहोचलेल्या, पण जास्त धोक्याच्या कर्करोगात बीसीजीच घ्यावे. कमी-मध्यम धोक्यात किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास मायटोमायसिन बरे.