खोडदच्या दुर्बिणीची वेळ मागताना: एका अर्जदाराचा अभिप्राय

कोणत्याही सेवेचा अभिप्राय लिहिताना आधी किंमत सांगण्याची रीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, या दुर्बिणीवर निरीक्षणवेळ मागण्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही आणि वेळ मंजूर झाली तर तिचेही शुल्क द्यावे लागत नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्या चालवणारी तज्ज्ञ मंडळी आणि रात्रभर जमा होणारी माहिती हे सारे केवळ चार पानांच्या युक्तिवादाच्या बळावर मिळू शकते. अर्थात ती चार पाने लिहिणे हीच या सेवेची खरी किंमत आहे आणि ती बरीच जड आहे, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. आतापर्यंत मी या दुर्बिणीसाठी दोन अर्ज केले; पहिला फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. पुढील अभिप्राय त्या दोन अर्जांवर आधारलेला आहे.

पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एनसीआरए, ही दुर्बीण चालवते आणि २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांना खुली आहे. वर्षाची दोन सत्रे असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्यासाठी जानेवारीच्या मध्यास आणि दुसऱ्यासाठी जुलैच्या मध्यास अर्जाची मुदत संपते. अकस्मात घडलेल्या घटनेसाठी, उदाहरणार्थ एखाद्या ताज्या स्फोटासाठी, संचालकांच्या अधिकारातील वेगळा वेळही मागता येतो. अर्ज ‘नॅप्स’ या संकेतस्थळावर भरायचा असतो. लक्ष्याचे स्थान, हवा असलेला तरंगपट्टा, तासांची मागणी, सहसंशोधकांची नावे या गोष्टी रकान्यांत भरायच्या आणि वैज्ञानिक समर्थनाची पीडीएफ जोडायची, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप आहे. हा भाग एका दुपारचा आहे आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे काही नाही. फक्त शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबू नये, कारण सहसंशोधकांपैकी कोणीतरी नेमका त्याच संध्याकाळी मजकुरात सुधारणा सुचवतो.

अवघड आहे ते समर्थन. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: हे निरीक्षण का, याच दुर्बिणीवर का आणि इतकेच तास का. पहिल्या प्रश्नावर आपण सगळेच भरभरून लिहितो, दुसऱ्याची बोळवण एका वाक्यात करतो आणि तिसऱ्याच्या बाबतीत आकडा आधी ठरवून मग त्याला शोभेल असे गणित मांडतो. माझ्या पहिल्या अर्जात नेमके हेच घडले होते.

माझा विषय आहे विझत चाललेल्या रेडिओ दीर्घिका. अशा दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे झोत बंद पडलेले असतात आणि दोन्ही बाजूंना पूर्वी फुगवलेले प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, फुग्यांसारखे लोब तेवढे मागे उरलेले असतात. त्यांतील सर्वाधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सर्वांत आधी थंडावतात. त्यामुळे उच्च कंप्रतेवर (फ्रीक्वेन्सीवर) हे लोब लवकर दिसेनासे होतात आणि कमी कंप्रतेवर मात्र बराच काळ मंदपणे तेवत राहतात. राखेखालचा निखारा पाहायचा असेल तर कमी कंप्रतेलाच जावे लागते. यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे तर सरळ निघते. जीएमआरटीचा तिसरा पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्‌झचा आणि चौथा ५५० ते ८५० मेगाहर्ट्‌झचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील ६४ अँटेनांची मीरकॅट ५४४ मेगाहर्ट्‌झच्या खाली उतरत नाही. अमेरिकेतील व्हीएलएकडे तिसऱ्या पट्ट्याच्या जवळचा पट्टा आहे, पण तिच्या २७ अँटेना २५ मीटरच्या असल्याने खोडदच्या तीस अँटेनांचे एकूण क्षेत्रफळ तिच्या साडेतीन पटींहून जास्त भरते. शिवाय चौदा अँटेना सुमारे एक किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या असल्यामुळे पसरट, मंद तेज हाती लागते आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरल्यामुळे त्याच चित्रात बारकावेही येतात. मला एकाच वेळी या दोन्ही गोष्टी हव्या होत्या. पहिल्या अर्जात यातले एक अक्षरही नव्हते. ‘ही जगातील एक अग्रगण्य दुर्बीण आहे’ असे वाक्य मात्र होते आणि ते आता वाचताना मला लाज वाटते.

तिसऱ्या प्रश्नाच्या गणिताकडे थोडे अधिक जवळून पाहायला हवे, कारण बहुतेक नवे अर्जदार तिथेच अडखळतात. चित्रातील गोंगाट, म्हणजे खऱ्या संकेतात मिसळणारी यादृच्छिक खळबळ, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे गोंगाट निम्मा करायचा असेल तर चौपट तास लागतात आणि तिसऱ्या हिश्श्यावर आणायचा असेल तर नऊपट. हे सूत्र आपण वर्गात शिकवतो. अर्ज भरताना मात्र विसरतो. संकेतस्थळावरील गणकयंत्रात आकडे घातले की उत्तर मिळते, पण त्यात काय घालायचे हे आपल्या प्रामाणिकपणावर सोडलेले आहे. मी तीसच्या तीस अँटेना आणि तिसऱ्या पट्ट्याची पूर्ण रुंदी धरली होती. प्रत्यक्षात एवढ्या मोठ्या यंत्रणेत कोणती ना कोणती अँटेना देखभालीसाठी बाजूला असणारच, म्हणून सव्वीस धरणे शहाणपणाचे. पट्ट्याचेही तसेच आहे. ३६० ते ३८० मेगाहर्ट्‌झच्या आसपास उपग्रहांचे संदेश घुसतात, इतरत्र मानवनिर्मित गोंगाट असतो आणि हा सगळा भाग पुढे कापून टाकावा लागतो. त्यातच सुरुवातीला आणि शेवटी ३सी४८ किंवा ३सी२८६ सारख्या, तेज आधीच माहीत असलेल्या प्रमाण स्रोताकडे पाहण्यात आणि दर अर्ध्या तासाने लक्ष्याशेजारच्या अंशांकन-स्रोताकडे, म्हणजे मापन जुळवून घेण्यासाठीच्या ज्ञात स्रोताकडे, वळण्यात जाणारा वेळ मिळवला की मागितलेल्या आठ तासांपैकी साडेसहा तासच लक्ष्याच्या वाट्याला येतात. हे सगळे आधीच मोजून लिहिले तर समीक्षकांना विचारायला जागा उरत नाही.

याउलट, कपात होणारच या हिशेबाने दुप्पट तास मागण्याची युक्ती अनेक जण सांगतात. मंडईत पेंडीचा भाव ठरवताना ती चालत असेल, पण ज्याला तुमचे गणित कळते त्याच्यापुढे ती फुकट जाते. तसेच खरोखर वीस तास लागणार असताना संकोचाने आठ मागणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे होय. आठ तासांत काही दिसणारच नसेल तर ते आठही वाया जातात.

पहिल्या अर्जात मी तीन दीर्घिकांसाठी चोवीस तास मागितले होते. नकारासोबत समीक्षकांचे शेरे आले आणि या सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यायचे असतील तर मी त्या शेऱ्यांना देईन. पहिला शेरा होता की तीनपैकी एका दीर्घिकेचे जुने ६१० मेगाहर्ट्‌झचे निरीक्षण दुर्बिणीच्या संग्रहात सर्वांसाठी खुले आहे, ते अर्जदाराने पाहिलेले दिसत नाही. दुसरा वर सांगितलेल्या गणिताबद्दल होता. तिसरा शेरा एका ओळीचा होता: लोब दिसलेच नाहीत तर त्यातून काय कळेल? मी दिवसभर त्या ओळीचा विचार करत राहिलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर आहे, हे पुढे लक्षात आले. ठरावीक मर्यादेपर्यंत काहीच न दिसणे म्हणजे लोब अपेक्षेपेक्षा जुने तरी आहेत किंवा पसरून इतके विरळ झाले आहेत की त्यांची ऊर्जा तशीच ओसरली आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी वयाच्या अंदाजावर बंधन येते. ज्या निरीक्षणातून ‘नाही’ हे उत्तरही उपयोगी पडते, त्याला वेळ वाटणाऱ्या समितीचा भरवसा लाभतो.

सगळीकडे असे शेरे मिळतात असे नाही. एका दुसऱ्या, परदेशातील वेधशाळेकडे मी सहसंशोधक म्हणून केलेल्या अर्जाला दोन ओळींचे उत्तर आले होते: स्पर्धा तीव्र होती, खेद आहे. त्यातून शिकण्यासारखे काहीच नव्हते. अर्थात गर्दीचा विचार केला तर त्या मंडळींचीही अडचण समजते. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चौथ्या सत्रासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये २,३७७ अर्ज आले आणि त्यांत मिळून सुमारे ७८,००० तासांची मागणी होती. वर्षाचे सगळे तास मोजले तरी ते ८,७६० च भरतात. चिलीतील आल्मा दुर्बिणीने हा भार अर्जदारांवरच वाटून दिला आहे: अर्ज करणाऱ्याने इतरांचे दहा अर्ज वाचून त्यांची क्रमवारी लावायची. हबलच्या अर्जांतून २०१८ पासून नावेच वगळली जातात, म्हणजे ‘आमच्या पूर्वीच्या कामात आम्ही दाखवले’ असे लिहिण्याचीही सोय नाही. माझ्यासारख्या आडबाजूच्या महाविद्यालयातील शिक्षकाला ही शेवटची पद्धत मनापासून आवडते, कारण समीक्षकाच्या नजरेसमोर लेटरहेड येत नाही.

दुसरा अर्ज लिहिण्याआधी आम्ही संग्रहातील ते जुने निरीक्षण उतरवून घेतले. तेव्हा यंत्रणेची रुंदी अवघी ३२ मेगाहर्ट्‌झ होती. आज ती ४०० पर्यंत जाते. माझ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने दोन महिने खपून त्यातून चित्र तयार केले आणि त्या चित्रात, पश्चिमेच्या बाजूला, गोंगाटाच्या जेमतेम तिप्पट उजेडाचा एक पुसट डाग दिसला. ‘सर, हा खरा आहे की मी आणलाय?’ हा तिचा प्रश्न होता आणि अर्जाचा युक्तिवाद आम्ही त्याच प्रश्नाभोवती बांधला. दोन दीर्घिका, चौदा तास, रात्रीची वेळ. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ढवळलेले असते म्हणून रात्र, हे कारणही लिहिले. दहा तास मंजूर झाले.

निरीक्षण मिळाल्यावर विद्यार्थिनीला दुर्बीण दाखवावी म्हणून आम्ही मुद्दाम खोडदला गेलो. नारायणगावपासून दहाएक किलोमीटरचा रस्ता टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून जातो आणि एका वळणावर एकदम पांढऱ्या अँटेना दिसू लागतात. जवळून पाहिल्यावर लक्षात येते की त्या थाळ्या भरीव नाहीत. पोलादी तारांची विरळ जाळी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवलेली आहे आणि आरपार आकाश दिसते. लांब तरंगांना एवढी जाळी पुरते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्तात झाला. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या चमूची ही किमया वाचून माहीत होती. पण मावळतीचा उजेड त्या जाळीतून गाळून येताना पाहिला तेव्हा ती पटली.

नियंत्रणकक्षात फार काही नाट्यमय घडत नाही. आपण आधी पाठवलेल्या फाइलीनुसार चालक अँटेना वळवतात, प्रमाण स्रोतावर सगळ्यांचे संकेत जुळवून घेतात आणि मग पडद्यावर रेघा सरकत राहतात. आमच्या फाइलीत अंशांकन-स्रोताचा एक अंक मी चुकीचा लिहिला होता. चालकांनी तो सुरुवातीलाच दाखवला, ‘सर, हे एकदा बघून घ्या’ एवढेच म्हणाले आणि दुरुस्त करून घेतला. तो अंक तसाच राहिला असता तर रात्रभर आम्ही आकाशाच्या रिकाम्या तुकड्याकडे पाहत बसलो असतो.

नव्या अर्जदाराला एका बाबतीत सावध करतो. वेळ मिळाली म्हणजे काम झाले, असे येथे नसते. माहिती दुर्बिणीच्या स्वतःच्या स्वरूपात साठते, ती फिट्स या खगोलशास्त्रातील सर्वमान्य स्वरूपात बदलून घ्यावी लागते, बिघडलेले भाग निवडून काढावे लागतात आणि मग चित्र करायला घ्यायचे. कासा किंवा एप्स या संगणकप्रणाली आणि त्यांच्यावर उभी केलेली तयार साधने मोफत मिळतात. मात्र ती चालवायला दमदार संगणक आणि ज्याने हे आधी केले आहे असा एक तरी माणूस हाताशी लागतो. आम्हाला हे दोन्ही पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या सहयोगी-कार्यक्रमामुळे मिळाले, जो विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील शिक्षकांसाठीच आहे. ज्याच्याकडे असा आधार नाही त्याने आधी संग्रहातील एखादे जुने निरीक्षण सोडवून पाहावे आणि मगच अर्ज करावा.

निरीक्षणानंतर अठरा महिने माहिती अर्जदाराच्या एकट्याच्या ताब्यात राहते आणि त्यानंतर सर्वांना खुली होते. आमचे चौथ्या पट्ट्याचे चित्र पूर्ण झाले असून पश्चिमेचा तो डाग खरा निघाला. तिसऱ्या पट्ट्यातील माहितीचा जवळजवळ तिसरा हिस्सा उपग्रहांपायी कापावा लागला. उरलेल्यातून चित्र काढण्याचे काम चालू आहे आणि आमच्या मुदतीचे सात महिने शिल्लक आहेत.